भुशाच्या शेगडीवरचं पिवळं

परवा पेपरात एक बातमी आली होती. गरम पाण्याच्या झऱ्यातले कुठलेसे जंतू, आणि त्यांचा सगळाच्या सगळा जीनोम कुणी वाचून काढला म्हणे, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. शेजारची सून मोठ्या उत्साहानं पेपर घेऊन आली, "काकू, तुमच्या विषयाचं आलंय!" मी चष्मा लावून वाचलं आणि घडी करून पेपर परत दिला. तिला वाटलं मला कौतुकच नाही. कौतुक कसं नसेल? जळजळ झाली, ती तिला सांगता आली नाही इतकंच. असा एक जंतू माझाही होता. पिवळा. सत्तर अंशांवर सुखानं वाढणारा. त्याचं एक अक्षरही कुणी वाचलं नाही, कारण त्याआधीच त्याला मारलं. मेला नाही तो, मारला. हा फरक मला कळायला अकरा वर्षं लागली.

गोष्ट सत्तरच्या दशकातली आहे. नागपुरातल्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करत होते. आमच्या सगळ्या विणकर वस्तीत एमेस्सी झालेली मी पहिलीच मुलगी. आई मी लहान असतानाच गेली. घरात मी आणि बाबा. बाबा लुगड्याच्या काठाचं रेशीम रंगवायचे. मागच्या पडवीत तांब्याच्या दोन देगा, एक रंगाची आणि एक साध्या गरम पाण्याची, आणि त्यांच्याखाली भुशाच्या शेगड्या. बाबांजवळ थर्मामीटर नव्हता. बोट होतं. "राम" म्हणायचं. 'रा' म्हणताना बोट आत, 'म' म्हणताना बाहेर काढावंच लागलं, की रेशमाला हवं तसं पाणी झालं. मी एकदा कॉलेजचा थर्मामीटर आणून ताडून पाहिलं होतं. सत्तर. एखादा अंश इकडेतिकडे.

माझे मार्गदर्शक, म्हणजे सर, हे पिण्याच्या पाण्यातले तज्ज्ञ. विहिरीचं पाणी, नळाचं पाणी, नाल्याचं पाणी, सगळी हयात त्यात गेलेली. माणूस प्रेमळ. मला बेटा म्हणत. छिंदवाड्याच्या पलीकडे जंगलात एक कढत पाण्याचं कुंड आहे, त्यात काही जगतं का ते बघू, ही कल्पना माझी आणि तिला लगेच हो म्हणणारे सर. परदेशात असे जंतू सापडल्याचं आम्ही वाचलं होतं. मग सर, मी आणि एक लाकडी पेटी, अशी आमची वरात छोट्या लाईनच्या गाडीनं निघाली.

पेटीत काय होतं? बर्फ! भुशात दाबून भरलेला बर्फ. कारण पाण्याचा नमुना घेतला की बाटली बर्फात जाते. का जाते हे कुणी विचारत नाही. आमच्या प्रयोगशाळेत तो धर्मच होता. तिथे कुंडाकाठी बायका फडक्याच्या पोटलीत तांदूळ बांधून पाण्यात सोडत होत्या आणि शिजलेला भात देवाला दाखवत होत्या. आणि आम्ही दोन शिकलेली माणसं तेच पाणी बाटलीत भरून बर्फात ठेवत होतो. सरांना चुकल्यासारखं वाटलं नाही. मला तरी कुठे वाटलं? नागपूरला येऊन पंधरा दिवस वाट पाहिली. कप्पाळ उगवणार!

रात्री जेवताना मी बाबांना हे सांगितलं, तर त्यांना हसताना ठसका लागला. "अवं, उकळत्या पाण्यातल्या जीवाले तुमी बरफात निजवलं? बापा! मंग तो जगन कसा? मास्तर हाय का कोन हाय?"

मला राग आला. पण ताटावरून उठायच्या आत पटलंही.

दुसऱ्या खेपेला सरांना कामं होती, म्हणून बाबा आले सोबत. गल्लीतून लग्नाच्या आहेरात आलेले दोन थर्मास मागून घेतले. कुंडातल्याच पाण्यानं ते आधी तापवले, मग त्यात नमुन्याच्या नळ्या उभ्या केल्या आणि वरून कुंडाचंच पाणी भरलं. वाटेत दर स्टेशनला बाबा झाकण उघडून राम म्हणायचे. डब्यातल्या बायकांना वाटलं, काही तीर्थ घेऊन चाललाय हा माणूस. एकीनं तर हात जोडले.

पण पुढे काय? कॉलेजचं इनक्युबेटर साठ अंशांच्या वर जायला तयार नाही, आणि दिवसातून दोनदा वीज जायची. मी रडकुंडीला आले. बाबांनी साध्या पाण्याच्या देगेकडे बोट दाखवलं. "ही कायले हाय मंग?"

त्या दिवसापासून माझी प्रयोगशाळा आमच्या पडवीत आली. तारेच्या टोपलीत नळ्या, टोपली देगेत, देगेखाली शेगडी. भुशाची शेगडी भरणं हे येरागबाळ्याचं काम नाही. मधोमध बाटली उभी करायची, लाकूड कापायच्या आरामशीनवरचा कोरडा भुसा तिच्याभोवती दाबत दाबत भरायचा आणि मग बाटली अलगद ओढून घ्यायची. त्या पोकळीतून आच चढते. भुसा नीट दाबला असेल तर सात-आठ तास एकसारखी राहते, नसेल तर भसकन पेटते. आणि वला असला, म्हणजे ओला असला, तर धूर करून विझते. बाबा मला हातही लावू देत नसत. "तू तुये जनावरं पाह्य, आच मी पाहातो." जंतूंना ते जनावरं म्हणत.

जनावरं उगवेनात. सरांच्या पद्धतीनं मी त्यांना चांगलं सकस खाद्य देत होते, इतर जंतू ज्यावर पोसले जातात तसं. मग चिडून एक दिवस त्यात दहापट पाणी घातलं. सर म्हणाले, "उपाशी मारशील त्यांना, बेटा." पण झऱ्यात कोण बसलंय त्यांना पंचपक्वान्नं वाढायला? चौथ्या दिवशी नळी गढूळ झाली. सहाव्या दिवशी तळाशी पिवळं साचलं. मी ती नळी उजेडात धरली आणि बाबांना हाक मारली. बाबांनी हात पुसले, आतून रेशमाच्या चार लडी आणल्या आणि एकेक करून नळीशेजारी धरल्या. एकही जुळेना. "हळद्या नाई, केशरी नाई, लिंब्या नाई," ते म्हणाले. "असा रंग मी कंदी देगेतून काढला नाई, पोरी." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नव्हती.

आठ महिने बाबांनी ती आच विझू दिली नाही. आठ महिने! सकाळी, दुपारी आणि रात्री निजताना शेगडी भरायची, मधे चार वेळा बोट बुडवायचं. उमरेडला सख्ख्या पुतण्याचं लग्न होतं, गेले नाहीत. भाऊ रुसला, वहिनी वाट्टेल ते बोलली. तर म्हणाले, "पोरीचे जनावरं मरतीन ना गा." मी दर दोन-तीन दिवसांनी ताज्या खाद्यात थेंब टाकून नवी पिढी लावायची. घरी देगेत अकरा नळ्या होत्या. एक सरांच्या खोलीत होती. त्यांनी कुठूनसं जुनं वॉटरबाथ, म्हणजे पाणी एकसारखं गरम ठेवणारं विजेचं भांडं, खटपट करून सत्तरवर आणलं होतं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

सरांनी परदेशातल्या एका प्रयोगशाळेला आमच्या पिवळ्याचं सगळं वर्णन कळवलं होतं. डिसेंबरात उत्तर आलं. पत्र सर स्वतः स्कूटरवर घरी घेऊन आले, इतके खूश. जिनं हा जंतू काढला तिनं तो जिवंत घेऊन इकडे यावं, दोन वर्षं आमच्याकडे काम करावं, राहण्या-खाण्याची सोय आम्ही करू. फक्त जंतू जिवंत हवा, हे पत्रात दोनदा लिहिलं होतं. मी ते पत्र बाबांना मराठीत वाचून दाखवलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "चांगलं झालं." उठले, सदरा घातला आणि थेट मिठाईच्या दुकानात गेले. संत्रा बर्फी आणली आणि सगळ्या गल्लीत घरोघर वाटली. पोरगी विमानात बसणार म्हणून सांगत फिरले.

जानेवारीत मला चार दिवस वर्ध्याला जावं लागलं, तिथल्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेच्या कामाला. निघताना नवी पिढी लावून ठेवली. बाबा म्हणाले, "जाय वं बिनघोर, मी हाय ना."

परत आले तर पडवीत धूर नाही. देगेत हात घातला. हो, सबंध हात घातला मी. पाणी गार. त्या वर्षी थंडीही अशी होती की सकाळी माठाचं पाणी दातांना झोंबायचं. शेगडीत काळा ओलसर भुसा. बाबा पायरीवर बसलेले, दोन्ही हात मांडीवर. "भुसा वला निंगाला," ते म्हणाले. "भुशाचा डरम उघडा राह्यला, दव पडलं वाटते. परवापासून पेटून नाई राहिली." मी अकराही नळ्यांतून थेंब घेऊन ताज्या खाद्यात लावले. एकातही पिवळं आलं नाही. कुणी म्हणेल, इतक्यानं जंतू मरत नसतात. माझे मेले.

आणि मी काय केलं? बाबांची समजूत काढली! त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता, सरांकडे एक नळी आहे ना. त्यांना बळंच दोन घास भरवले. ते माझ्याकडे बघतही नव्हते. मला वाटलं, बिचाऱ्याला किती लागलंय.

कॉलेजात गेले, तर वॉटरबाथ बंद. सरांची नळी फ्रिजमध्ये होती. फ्रिजमध्ये! तीन दिवस झालेले. सर म्हणाले, वीज गेली होती, म्हणून सुरक्षित जागी ठेवली. माझं डोकं फिरलं. विद्यार्थी उभे, शिपाई उभा, मी कुणाचीही भीड ठेवली नाही. "बर्फ पेटीत नाही सर, तुमच्या डोक्यात आहे," मी म्हटलं. "जन्मभर गटारीचं पाणी तपासलंत, तेच तपासा." सर चष्मा पुसत उभे राहिले.

ती नळीही मेलेलीच निघाली. फेब्रुवारीत मी पुन्हा कुंडावर गेले. संक्रांतीच्या यात्रेआधी पंचांनी कुंड चुन्यानं घासून स्वच्छ केलं होतं. पांढरे, मळकट, पन्नास अंशांवरच दमणारे जंतू मिळाले, पिवळा नाही. परदेशी पत्र लिहिलं, तिकडून सभ्य भाषेत दिलगिरी आली. सरांचं तोंड पाहायचं नव्हतं म्हणून संशोधन सोडलं आणि महालातल्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. चंचुपात्र म्हणजे काय आणि पाणी किती अंशांना उकळतं, हे अकरा वर्षं शिकवलं.

त्या अकरा वर्षांत लग्नाची बोलणी आली तशी गेली. माझ्या जिभेपुढे कुणी टिकायचं नाही हे एक, आणि बाबांचे डोळे दिवसेंदिवस जात चालले होते हे दुसरं. आधी रंगाची छटा मी ओळखून द्यायची, मग रंगकामच बंद झालं. पडवीतली साध्या पाण्याची देग तेवढी राहिली. तिच्यात मी रोज सकाळी त्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायची. थर्मामीटर शाळेत होता, पण मी बोटच बुडवायची, त्यांनी शिकवलं तसं. त्यांना तीन राम होईपर्यंत बोट टिकेल असं पाणी लागे. बादली ठेवली की ते चाचपडत येत, आधी स्वतः बोट बुडवून राम म्हणत, आणि मगच "बराबर हाय" म्हणून अंगावर घेत. मला बरं वाटायचं. सगळ्या जगात माझ्या बाजूचा एकच माणूस आहे आणि त्याचं मी करते आहे, असं वाटायचं.

मग एका जानेवारीत आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं आणि परीक्षक म्हणून नेमके सर आले. निवृत्त झालेले, केस पांढरे. मुख्याध्यापिकेनं कौतुकानं त्यांना माझ्याच प्रयोगशाळेत चहाला आणून बसवलं आणि निघून गेली. मी बशीत बिस्किटं ठेवली, दुसरं काय करणार?

"वडील कसे आहेत?"

"आहेत. दिसत नाही आता."

"माझ्यावरचा राग गेला नाही ना, बेटा?"

"तुमच्या बर्फावरचा आहे," मी म्हटलं.

सरांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला लागले, त्या दिवशी पुसत होते तसाच. "ती नळी मी चुकून नव्हती ठेवली फ्रिजमध्ये," ते म्हणाले. "वीजही गेली नव्हती. तू वर्ध्याला असताना तुझे वडील आले होते कॉलेजात. माझ्या टेबलावर त्यांनी आपली टोपी काढून ठेवली. म्हणाले, मला एकच लेक आहे, डोळे चाललेत, ती गेली तर परत यायची नाही. घरची आच मी विझवली आहे, तुमच्याजवळची नळी तेवढी राहिली आहे. मी म्हटलं, अहो, तिला सांगा, ती थांबेल. तर म्हणाले, थांबेल हो, पण जन्मभर मला बोलेल. जंतू मेले तर कुणालाच बोलणार नाही."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"मी वचन दिलं त्यांना. तुझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मलाही मुली आहेत, बेटा. बापाचं मन मला कळलं."

"तुमची धाकटी कुठे असते हल्ली?"

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "अमेरिकेत," ते म्हणाले.

"वा," मी म्हटलं. "चहा घ्या, गार होतोय."

म्हणजे दोघांनी मिळून ठरवलं होतं. एका टेबलाशी बसून, माझ्या पाठीमागे, माझं. मी सरांना सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले, आणि सर ते सोसून स्वतःला मोठे समजत राहिले. आणि घरी ज्या माणसाची मी समजूत काढली, ज्याला घास भरवले, त्यानं तोंड उघडून खाल्ले! बर्फी वाटली हो त्या माणसानं! आठ महिने आच राखणारा हात तोच, आणि थंडीनं काय होतं हे गल्लीत एकट्या त्यालाच ठाऊक. बर्फाची ती फजिती मीच सांगितली होती. घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यात हेच घुमत होतं, सायकलवरून दोनदा उतरावं लागलं.

बाबा पडवीत बसून हातानं चाचपत दोऱ्याची गुंडी करत होते. पावलांवरून त्यांनी ओळखलं. "आली का वं? कसं झालं तुमचं पर्दर्शन?"

"सर आले होते," मी म्हटलं.

गुंडी फिरायची थांबली.

"भुसा वला होता का, बाबा?"

मागच्या गल्लीत कुणाचा तरी माग चालू होता, त्याचा खटखट आवाज येत राहिला.

"नाई," ते म्हणाले. "मीच पानी टाकलं. एक लोटा."

"काहून?"

"तू गेली असती."

"हो, गेली असती."

"मंग मले कोन होतं?" ते म्हणाले. मग मान वर करून, मी जिथे नव्हते तिकडे तोंड करून, म्हणाले, "बोल आता मले. का बोलाचं ते बोल. मी ऐकून राहिलो."

ज्या जिभेला घाबरून कुणी लग्नाला तयार झालं नाही, ती जीभ त्या दिवशी उचलली नाही. मी आत गेले, स्वयंपाक केला, ताट वाढलं, त्यांचं ताटाजवळचं पाणी नेहमीसारखं उजव्या हाताला ठेवलं. दोघंही जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेगडी भरली नाही. बादली नळाखाली धरली आणि जानेवारीतलं ते पाणी तसंच न्हाणीत नेऊन ठेवलं. बाबा भिंत चाचपत आले, बसले आणि सवयीनं बोट बुडवलं. राम म्हणाले. एकदा, दोनदा, तीनदा. बोट आतच होतं. मी दारात उभी आहे हे त्यांना कळलं असणार. मग त्यांनी लोटा भरला आणि अंगावर घेतला.